मेंटलांच्या खोक्याची कायम नेमणूक

बर्लिन, १६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप श्यामकांतदाजींच्या चरणी, शीतकटिबंधात थिजलेल्या मेव्हण्याचा, अर्थात गुरुदत्तचा, शक्य तितका वाकून नमस्कार. (पूर्ण वाकणे कंबरेने गतवर्षीच बंद केले.) आपला गुडघा आणि सुकन्याताईचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत असावेत, सांगलीच्या वाऱ्यात आपले मंडप उभे राहावेत आणि ज्यांनी ते भाड्याने नेले त्यांनी खांबांसह परत करावेत, ही प्रार्थना. आम्ही येथे क्षेम आहोत असे लिहिण्याचा प्रघात आहे, सबब लिहिले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी नेमके करतो काय, असे आपण मागील खेपेस पृच्छिले होते. आमच्या संस्थेत एक क्वांटम संगणक आहे. त्याची नखाएवढी अतिसंवाहक चिप, छताला टांगलेल्या एका पिंपात, अंतराळालाही हुडहुडी भरेल अशा शैत्यात ठेवतात. इतके उपचार करूनही आकाशातून वा भिंतीतून एखादा किरण येऊन आदळला, की चिपचे सारे गणित एका क्षणात बिघडते. त्या चुका मोजणे हा माझा स्वधर्म. पीएच.डी. होऊन सोळा वर्षे मी परक्या चुका मोजीत आहे, आणि मी त्या आणखी दोन वर्षे मोजाव्यात किंवा कसे, हे दर दोन वर्षांनी एक समिती ठरविते. विद्यमान करार एकतीस डिसेंबरास संपतो. एवढे ध्यानी धरून पुढील वाचावे.

येथील महाराष्ट्र मंडळाने (ज्याचा मी सजावटप्रमुख, हे पद मात्र तहहयात आहे) यंदा गणपतीची मिरवणूक गॅसबत्त्यांच्या प्रकाशात काढण्याचे योजिले. आपण उदार अंतःकरणाने बत्तीच्या मेंटलांचा खोका धाडलात: ज्योतीवर चढवून उजेड पाडणाऱ्या चारशे जाळीदार पिशव्या, आपल्या तीर्थरूपांच्या काळापासून गोदामात निद्रिस्त. उघड्या ज्योतीस परवानगी मिळाली नाही. गजानन बॅटरीच्या दिव्यांत मार्गस्थ झाले आणि खोका उरला. घरी ठेवावा, तर केलर, म्हणजे इमारतीचे तळघर, मोकळे करण्याची तिसरी नोटीस दारावर झळकत होती. तेव्हा तो मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला, चिपच्या पिंपापासून दोन हातांवर. कोरडी, स्वच्छ, कुलूपबंद जागा. आपणही तेच केले असते.

त्याच सप्ताहात चिपच्या चुका दुप्पट झाल्या.

दाजी, त्या दिवसांतील माझा आनंद शब्दातीत होता. मी पिंपाभोवती शिशाच्या विटांची भिंत रचली. तीन बाजूंनीच, कारण चौथ्या बाजूस ते कपाट होते आणि ते हलविण्यास दोन माणसे लागतात. तरीही चुका घटेनात. यावरून, किरण त्या चौथ्या, म्हणजे पूर्व दिशेनेच अवतरत आहेत, असा सिद्धान्त मी मांडला व संस्थेच्या सभेत पन्नास मिनिटे प्रतिपादिला. आमचे प्राध्यापक तीनदा ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. (एरवी ते हा शब्द केवळ कॉफी मागविताना वापरतात.) करार वाढेल, असेही कॉरिडॉरमध्ये सुचविले.

पुढील आठवड्यात किरणोत्सर्ग-सुरक्षा अधिकारी फ्राउ लिंडनर आपले मोजयंत्र घेऊन तपासणीस आल्या. कपाटापाशी ते यंत्र तव्यावरच्या मोहरीसारखे तडतडू लागले.

“हे काय आहे, हेर दांडेकर?” (हेर म्हणजे येथे श्रीयुत.)

“गणपतीचे सामान.”

“हे गणपती कोणत्या विभागात असतात? त्यांच्या नावे परवाना आहे?”

जुन्या मेंटलांत उजेडासाठी थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य घालीत असत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते चार वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले आहे. परीक्षेतही विचारले आहे. परंतु ते ज्ञान पुस्तकातील थोरियमविषयी होते. दाजींच्या खोक्याचा त्याच्याशी संबंध असेल, असे मनास शिवले नाही.

खोका ताब्यात घेतला गेला. त्यास नोंदणी क्रमांक लाभला, शिशाचे स्वतंत्र कपाट लाभले, वर्षातून एकदा त्याची विचारपूस करण्यास एक व्यक्ती नियुक्त झाली, आणि संस्थेत अनिश्चित काळ वास्तव्य करण्याचा लेखी आदेश निघाला. सोळा वर्षांत मला यांपैकी काहीही लाभले नाही. हे घरी निवेदिले, तर सौ. देवश्री कणीक मळता मळता म्हणाली, “त्या वेळी स्थळ म्हणून खोका सांगून आला असता, तर बाबांनी चौकशीसुद्धा केली नसती.”

असो. विद्वत्तेस कपाट नसते, एवढेच म्हणून लेखणी आवरतो. ताईस नमस्कार.

आपला
गुरुदत्त

ता. क. — एक क्षुल्लक बाब राहिली. समितीने पंधरा डिसेंबरपर्यंत खुलासा मागविला आहे. खोका मी प्रयोगासाठीच, किरणांचा ज्ञात स्रोत म्हणून, बुद्धिपुरस्सर मागविला होता, असे मी लिहिणार आहे. आपल्या मंडप-दिवाबत्तीच्या लेटरहेडवर तशा दोन ओळी लिहून, शिक्का मारून, फोटो व्हॉट्सॲपवर धाडावा. तारीख जुलैची घालावी. यास असत्य म्हणू नये. विलंबाने सुचलेले नियोजन म्हणावे. याखेरीज करार वाचत नाही.

ता. ता. क. — लिफाफा चिकटविण्यापूर्वी देवश्रीने हे वाचले. “दाजींच्या नुसत्या शब्दावर लोक लग्नाच्या तारखा धरतात, आणि त्यांना तुम्ही खोटं लिहायला लावणार?” एवढे बोलून तिने माझ्या हाती कोट दिला. आज सकाळी फ्राउ लिंडनर यांना खरे ते सांगितले. त्यांनी ते दोन प्रतींत लिहून घेतले आणि कॉफी दिली. दुपारी प्राध्यापकांनी करार वाढणार नसल्याचे सांगितले; कॉफी दिली नाही. सबब वरील विनंती रद्द समजून ही धरावी: आपण ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा मंडप घालता, तेथे पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकविण्यास कोणी हवे आहे का, ते खांब रोवताना प्राचार्यांना सहज विचारावे. मेव्हणा आहे, हे खुशाल सांगावे. जर्मनीहून येतो आहे, हे सांगू नये. असली माणसे टिकत नाहीत म्हणून घेणार नाहीत.

मी टिकेन, दाजी.