धुक्याचं अनेकवचन

मास्तर, आज सातवीच्या वर्गात इंग्रजीतली मोजता येणारी आणि न येणारी नामं शिकवली, आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही खानापूरकडून बदली होऊन आलात तेव्हा आमच्याच पडवीतल्या खोलीत राहायचात. आई भात वाढायला लागली की मला विचारायचात, "टू राइस म्हणता येतंय काय गं?" मी म्हणायची, "न्हाई मास्तर, राइस मोजत न्हाईत." आई म्हणायची, "आधी जेवू दे की त्यास्नी."

मग ती सकाळ. आपण सगळी रानातून अणशीच्या शाळेकडे निघालोय. धुकं इतकं, की पुढच्या पोरीची वेणीही दिसत नाही. कुणी मागं राहू नये म्हणून तुम्ही खेळ लावता. एकेकानं शब्द सांगायचा, तो मोजता येतो की नाही ते तुम्ही सांगणार. ट्री, काउंटेबल. फॉग, अनकाउंटेबल. रांगेत शेवटची मी. मी "स्टोन" म्हणते, तुम्ही "काउंटेबल" म्हणता, आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणतं, "पाणी."

तुम्ही जरा थांबता. मग नेहमीच्याच आवाजात म्हणता, "वॉटर. अनकाउंटेबल." मागं येता, माझा हात धरून मला पुढं नेऊन सोडता आणि स्वतः रांगेच्या टोकाला जाता. डांबरी रस्ता लागेपर्यंत मागून तुमची उत्तरं ऐकू येत होती. आम्ही पोरं तर केव्हाच गप्प झालो होतो.

संध्याकाळी आईनं चुलीपाशी विचारलं, "मास्तर, कोण हुतं?"

"ठावं न्हाई, वैनी. पर इचारल्यावर सांगायला नगं व्हय?"

आईनं पाण्याचा तांब्या भरून अंगणाच्या कडेला ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप भरला. दांडेलीच्या दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत मी उशाशी बसले होते. शुद्ध नव्हती, तरी तुमचे ओठ हलत होते. काउंटेबल. अनकाउंटेबल. मध्ये थांबून ऐकायचात, मग पुढचं. त्या खोलीत माझ्याखेरीज कुणीच नव्हतं.

तुम्हाला काय काय विचारलं गेलं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. नदीकाठी तुम्हाला अग्नी दिला तिथं हा कागद ठेवून यायचं ठरवलं होतं. पण नाही ठेवणार, मास्तर. आई गेल्यापासून या घरात मी एकटीच असते, आणि उत्तर आलं तर मला भीती वाटेल.