चावून दिलेला घास

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता आरशात बघितलं तर मीच तुझी आई शोभेन. माझी शाळा चौथीपर्यंत, तुला ठाऊकच हाय, तेव्हा अक्षराला हसू नको. आनंदाची गोष्ट आधी सांगते. माझा मुतखडा पडला! मागच्या खेपेला ऑपरेशन, सलाइन, सगळं झालं होतं. ह्या खेपेला लघवीच्या गाळणीत टिचकन आवाज आला आणि सुटले. तिळाएवढा, पण काय जीव खाल्ला त्यानं. तुझी पणती, म्हणजे माझी नात, डॉक्टरकी शिकतीय. तिनं तो डबीत घातला आणि म्हणते, "आजी, बारसं करायचं का ह्याचं?" लई वांड हाय. नाक तुझंच घेतलंय.

काल तुझी धाकटी आली माढ्याहून, मला बघायला म्हणून. बघणं राहिलं बाजूला, ताटावर बसली. चुक्याची भाजी, शेंगाचटणीवर दही, वर पुन्हा मूठभर शेंगा. मला डॉक्टरनं चटणी बंद केलीय. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद, मग जेवायचं तरी काय ग? मी दुधीभोपळा चिवडत बसले, आणि ही बोटं चाटतीय. म्हटलं, "जरा बेतानं. तुलाबी होईल खडा."

"मला? अक्का, मी दगड खाल्ला तरी पचतोय. आईवर गेलीया मी."

तिथंच मला लागलं बघ. त्यात नातीनं तोंड घातलं. म्हणाली, पालक, चुका, शेंगा ह्यांच्यात एक क्षार असतो, बहुतेक खडे त्याचेच होतात. आणि आतड्यात एक जंतू असतो, तो हा क्षारच खाऊन जगतो. कुणाच्या पोटात असतो, कुणाच्या नसतो. जंतू मारायच्या गोळ्या फार झाल्या की तोही बिचारा मरतो. लहानपणी घरच्या माणसांकडून येत असावा म्हणतात. "पण खड्याला कारणं पुष्कळ असतात आजी, तू पाणीच पीत नाहीस," असंही म्हणाली. ते मी ऐकलं कुठं? मी तोवर तुझ्या चुलीपुढं जाऊन पोचले होते.

तू बसलीयस, धाकटी मांडीवर. भाकरीचा तुकडा तोंडात घालतेस, बारीक चावतेस, आणि बोटावर घेऊन तिच्या तोंडात. मी शेजारी सरकून तोंड उघडते. तू माझ्याकडं न बघताच म्हणतेस, "एवढी घोडी झालीस की, तुला दात न्हाईत व्हय?" दात होते. तुझा काय दोष म्हणा. माझ्या वेळी तू आजारी पडलीस, दूध आटलं, मला सांगोल्याला आजोळी धाडलं. शेळीच्या दुधावर वाढले आणि दात घेऊनच परत आले.

तू आम्हा दोघींना सगळं सारखं दिलंस. बोरमाळ तोडून मणीसुद्धा निम्मे निम्मे केलेस. आणि चावल्या घासातलं हे एक तेवढं तिला एकटीला दिलंस. डोळ्याला दिसलं असतं तर मी भांडले नसते का? ह्या वयात मी बहिणीच्या पोटावर जळतीय, आये. ती ढेकर देते आणि मला वाटतं, आत तुझं काहीतरी अजून जिवंत बसलंय, आणि ते तिच्याकडंच.

धाकटी एसटी पकडायला उठली. ताक निम्मं तसंच ठेवलं ग्लासात. "ओत बाई मोरीत," म्हणाली. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी राहिले, मग आत येऊन पदर तोंडापुढं धरला आणि पिऊन टाकलं. नात मागं उभी होती. "आजी! जंतू असा येत नसतो," म्हणाली. म्हटलं, "ठाऊक हाय मला."

हे धाडायचं तर कुठं, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक तेवढं सांगते. खड्यासाठी नाही प्यायले मी. खड्याला पाणी पीन की. पण ग्लासाच्या काठाला धाकटीच्या मिश्रीचा वास होता, तुझ्या तोंडाला यायचा तसलाच. तो ग्लास मी अजून विसळलेला नाही.