शून्य वाफ्याचा वारस

मी, गुनवोर हॉल्मस्ट्रँड, वय एकोणऐंशी, पूर्वी विद्यापीठाच्या कृषी विद्याशाखेत मृदाशास्त्राची प्राध्यापक, हल्ली निवृत्त, राहणार स्टेनरप, प्रांत स्कोने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला आहे, आणि तो मी दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणायचा प्रयत्न दोघांनी केला. त्यांची नावं योग्य त्या कलमात येतील.

याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिल्यात मी विद्यापीठावर विश्वास ठेवला होता आणि दुसऱ्यात भाच्यावर.

मुख्य गोष्ट आधी सांगते, कारण लोक असल्या कागदाचं पहिलं पान वाचतात आणि उरलेलं वकिलावर सोडतात. माझ्या मालकीची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे घरामागे, झाडांच्या रांगेपलीकडे असलेला जमिनीचा एक तुकडा. टेनिसचं मैदान मावेल एवढाच आहे. १९५७ साली माझ्या वडिलांनी नुसता हात मिळवून तो विद्याशाखेच्या खतांच्या प्रयोगाला दिला. प्रयोगातल्या बाकीच्या वाफ्यांना शेणखत, चुना, युरिया, जे मापून घालायचं ते घातलं जाई. याला काहीच घालायचं नाही असं ठरलं. त्या दिवसापासून यात बी पडलं आहे आणि पाऊस पडला आहे, बाकी काही नाही. पीक जवाचं. कापणी झाली की काडसुद्धा उचलून न्यायची. आम्ही त्याला शून्य वाफा म्हणतो. खताने किती दिलं हे कळायला, ज्याला काहीच दिलं नाही असा एक कोणीतरी लागतो. विद्यापीठाचे स्वतःचे वाफे वाहनतळाखाली गेले. हा उरला, कारण तो आमचा होता. यात कोणी एकदा जरी ओंजळभर खत टाकलं, तरी साठ वर्षांवर पाणी पडेल, आणि ती वर्षं पुन्हा कुठे विकत मिळत नाहीत.

तो कोणाच्या हाती द्यावा, एवढ्यासाठी मी हा कागद लिहायला बसले आहे. बाकीच्या वस्तू वाटेत येतात म्हणून वाटून टाकते.

कलम १. घर, त्यातलं सामान आणि झाडांच्या रांगेअलीकडची सगळी शेती माझा भाचा येर्केर याला द्यावी. मुलगा वाईट नाही. पण त्याच्याकडे डुकरं आहेत, आणि ज्याच्याकडे डुकरं आहेत त्याला आयुष्यभर एकच चिंता असते की त्यांच्या घाणीची टाकी कुठे रिकामी करू. तीन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाच्या सकाळी तो डुकरांच्या मलमूत्राचा टँकर ट्रॅक्टरला जोडून वाफ्याच्या कडेला उभा होता.

"आत्या, बघ ना, जव कसं पिवळं पडलंय. लाज वाटते गं. रस्त्यानं जाणारे म्हणतात, येर्केरला शेती जमत नाही."

"पिवळंच पडायला पाहिजे त्याला."

"एकच फेरी मारतो. वाढदिवसाची भेट समज."

मी ट्रॅक्टरपुढे खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसले. तेव्हापासून मी वाढदिवस करत नाही. त्याच्या मनात कपट नव्हतं हे मला मान्य आहे, पण कपटी माणसावर निदान लक्ष ठेवता येतं. प्रेमाने टँकर घेऊन येणाऱ्याला कसं अडवायचं? म्हणून त्याला घर आणि शेती, झाडांच्या पलीकडे पाऊल नाही.

कलम २. कॉफीची निळी किटली शेजारीण उल्ला-ब्रिट क्रोनव्हाल हिला देऊ नये. ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही मिळालं तर तेवढं दान रद्द होतं. साक्षीला ये म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे किटली गेली का माझी?" यावरून तिच्या किती दिवसांपासून मनात होतं ते समजावं.

तिच्याबद्दल माझी एवढीच तक्रार आहे की तिला कुत्रा आहे. आमच्या देशात कायद्याने कोणालाही कोणाच्याही रानातून चालण्याचा हक्क आहे, फक्त उभ्या पिकातून नाही. कुत्र्यांना हा अपवाद माहीत नाही.

"अगं, एवढासा तर जीव," ती म्हणते. "तो करून करून किती करणार?"

"किती ते वजन करून सांगता येईल. पिशवी आण."

रानहंसांचंही तेच आहे. शरदात ते थव्याने उतरतात आणि जाताना जे ठेवून जातात त्यात नत्र असतं, म्हणजे खतच. त्यांच्याविरुद्ध काही करता येईल का, हे मी वकिलाला विचारलं. तो हसला. त्याची फी मी उशिरा दिली.

कलम ३. बँकेतल्या शिलकीतून दर वर्षी एक बक्षीस द्यावं. ते कृषी विद्याशाखेतल्या अशा विद्यार्थ्याला मिळावं, ज्याच्या प्रबंधाचा निष्कर्ष "काही फरक आढळला नाही" असा प्रामाणिकपणे लिहिलेला आहे. उमेदवार सापडला नाही तर पैसे साठू द्यावेत. पुष्कळ साठतील असं वाटतं.

कलम ४. कृषी विद्याशाखेला माझी चार फावडी द्यावीत. ती काचेच्या कपाटात मांडू नयेत, वापरावीत. याहून जास्त का देत नाही, ते सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा विद्याशाखेत पाच अभ्यासक्रम होते. माती, पिकं, जनावरं, फळबागा आणि यंत्रं. नुसत्या नावावरून मुलांना कळायचं की सोमवारी सकाळी पायात कोणते बूट घालायचे. आता दोनच उरले आहेत, आणि त्यातल्या मोठ्याचं नाव आहे "अन्नव्यवस्था आणि शाश्वत भवितव्य". मी त्याची माहितीपुस्तिका दोनदा वाचली. पुस्तिकेत हसणारी माणसं आहेत, गोलगोल बाण आहेत, माती कुठेच नाही. या अभ्यासक्रमात नापास कसं व्हायचं, हेही मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

आमच्या विद्याशाखेत भांडणं होत नाहीत. बैठकीत सगळे माना डोलावतात, ज्याला नको असतं तो गप्प बसतो, आणि मग दुपारच्या कॉफीला हिरव्या आवरणाचा केक येतो. केक दिसला की समजावं, काहीतरी बंद झालं. फळबागा बंद झाल्या तेव्हा केक होता. यंत्रं बंद झाली तेव्हा दोन होते. गेल्या वर्षी मे महिन्यात अधिष्ठाता पर्निला स्ट्रोले माझ्या दारात केकचा खोका घेऊन उभी राहिली.

"इकडून चालले होते, म्हटलं सहज डोकावावं."

"सहज कोणी केक आणत नाही, पर्निला. काय बंद केलंस?"

"बंद नाही गं, विलीन. मृदाशास्त्र आता नव्या अभ्यासक्रमात विलीन होतंय. मुलंच येत नाहीत. यंदा चार अर्ज आले."

"चार पुष्कळ झाले. फावडीपण चारच आहेत."

ती हसली, केक कापला, आणि दुसऱ्या तुकड्याला मुद्द्यावर आली. "त्या तुझ्या वाफ्याचं पुढे काय ठरवलंयस? आम्हाला दिलास ना, तर तिथे तुझ्या नावानं विद्यार्थ्यांची बाग करू. बाक ठेवू. गुलाब लावू."

"गुलाबांना खत लागतं."

"ते आम्ही घालू की!"

पर्निला मुळात चांगली शास्त्रज्ञ होती. गाईंच्या पचनावरचं तिचं काम आजही वाचण्यासारखं आहे. माझा तिच्यावर राग नाही, संशय आहे. आणि तो पुढे खरा ठरला.

कलम ५. शून्य वाफा, आणि तळघरातल्या बरण्या, ज्यात या वाफ्याची दर वर्षीची माती सुकवून ठेवली आहे, हे सर्व प्राध्यापक सिग्वार्ड एकेलुंड यांना द्यावं.

हे वाचून विद्याशाखेत कोणाच्या तरी हातातला कप पडेल. पडू दे.

सिग्वार्ड पीक-पोषणाचा प्राध्यापक, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. १९९१ साली भरलेल्या सभागृहात त्याने सांगितलं की कोऱ्या मातीत इतकं जव येणं शक्य नाही, कुठूनतरी काहीतरी येतंय. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहून म्हणाले, "येतं ना. आभाळातून येतं. पावसाबरोबर नत्र येतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात." त्यावर तो म्हणाला, "आभाळाला किल्ली नसते, गुनवोर. फाटकाला असते." वाफ्याच्या फाटकाची किल्ली माझ्याकडेच असते. त्यानंतर आम्ही फक्त समित्यांमध्ये बोललो, तेही अध्यक्षांमार्फत.

गेल्या वर्षी सप्टेंबरात नव्या अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा होता. त्या रविवारी चर्चला न जाता मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. खिडकीतून पाहते तर वीस-पंचवीस मुलं बादल्या घेऊन वाफ्याकडे चाललेली. पुढच्या दोघांच्या हातात फलक होता, "थकलेल्या मातीला नवं जीवन". पर्निलाने वर्गात या वाफ्याची गोष्ट सांगितली होती म्हणे, फार हळव्या शब्दांत, आणि मुलांना दया आली. उपाहारगृहातला सगळा कॉफीचा चोथा त्यांनी आठवडाभर साठवला होता. शेतीची पदवी घ्यायला आलेल्या मुलांना एवढंही ठाऊक नव्हतं की ही माती आजारी नाही, कामावर आहे.

माझे गुडघे धावत नाहीत. मी काठी घेऊन निघाले खरी, पण पोचणार नव्हते. एवढ्यात झाडांमागून एक लांब कोट धावत सुटला. सिग्वार्ड. मुलांसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला, तोवर पहिल्या मुलीने बादली उपडी केलीही होती. सगळा चोथा त्याच्या छातीवर.

"मागे व्हा! सगळे मागे!"

"पण आम्ही मदतच करतोय ना!" ती मुलगी रडवेली झाली.

"मदतच करायची नाहीये इथे! तेच तर काम आहे इथलं!"

मग तो जागचा हलला नाही. कोट हळूच उतरवला, चोथा आत राहील अशी घडी घातली, आणि गुडघ्यांवर बसून जे दोन-चार कण खाली सांडले होते ते बोटाने वेचू लागला. मी पोचले तेव्हा मुलं परत निघाली होती. त्याच्या खिशातून मातीचा नमुना काढायची लोखंडी नळी डोकावत होती.

"तू काय करतोयस इथे?"

"नमुना घेतोय."

"कशाचा?"

"तुझ्या चोरीचा. दर शरदात येतो. तू रविवारी चर्चला गेलीस की."

"कधीपासून?"

"ब्याण्णवपासून."

"मग, सापडलं काही?"

"अजून नाही," तो म्हणाला. "पण सापडेल."

माझ्या जमिनीत इतकी वर्षं चोरून शिरणाऱ्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी फलक उचलायला वाकले.

त्यानंतर वर्षभर मी विचार केला. येर्केरला या वाफ्याची लाज वाटते, पर्निलाला त्याचा कळवळा येतो, मुलांना दया आली. ज्याला ज्याला काही वाटतं, तो तो काहीतरी घालायला निघतो. एकट्या सिग्वार्डला काही घालायचं नाही, कारण त्याला मला पकडायचं आहे. मला खोटं ठरवायला त्यानेच गुपचूप काही टाकलं असेल, हाही संशय मी घेतला, आणि प्रयोगशाळेतून माती तपासून आणली. स्वच्छ निघाली. त्याचं म्हणणं तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे. पण या वाफ्यावर पहारा फक्त त्यानेच दिला आहे.

यातलं त्याला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, पुरावा लपवायचं हे नवं कारस्थान. एकच अट आहे. वय झाल्यावर त्याने हा वाफा पुढे अशाच कोणाला तरी द्यावा, ज्याचा त्याच्यावर तिळमात्र विश्वास नाही.

कलम ६. माझ्या देहाचं दहन करावं. पुढचं नीट वाचावं.

पर्निला केक खाताना म्हणाली होती, "जिल्हा कचेरीची परवानगी काढू आणि तुझी रक्षा याच वाफ्यात पसरू. किती शोभेल तुला!" येर्केरच्याही मनात तेच आहे; तो बोलला नाही, पण मागच्या नाताळात हॅम खाताना खिडकीबाहेर पाहून त्याने डोळे पुसले, तेव्हा मला कळलं. दोघांनाही या कलमाने मनाई करण्यात येत आहे. माणसाची राख दोन-तीन किलो भरते, आणि तिच्यात बहुतेक स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि चुनाच असतो. त्या मातीने इतक्या वर्षांत जे पाहिलं नाही, ते मी एका दुपारी तिच्यावर ओतेन.

मला तिथेच पडून राहावंसं वाटतं, हे मी लपवत नाही. लग्न केलं नाही, मूल नाही. त्या मातीइतकं मी कोणाला ओळखत नाही आणि कोणाला इतका जीव लावला नाही. म्हणूनच माझी चिमूटही तिच्यात जाता कामा नये.

कलश घट्ट बंद करावा, डांबरी रस्त्याने न्यावा, शेताच्या वाटेने नाही, आणि गावच्या चर्चच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारी पुरावा. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या शरदात सिग्वार्डने वाफ्याच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून नमुने घ्यावेत. या वेळी फाटकातून यावं, किल्ली त्याच्याकडे असेल. स्फुरद मोजावं, चुना मोजावा, आणि मला शोधावं. मी कुठेच सापडले नाही, तर या एका बाबतीत तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा, अशी माझी त्याला विनंती आहे.

वरील मजकूर मी राजीखुशीने लिहिला. खालील दोघं एकाच वेळी माझ्यासमोर हजर होते, त्यांच्यादेखत मी सही केली, मग त्यांनी केली. मजकुरावर वर्तमानपत्र झाकून ठेवलं होतं. एकीने ते उचलून पाहायचा प्रयत्न केला.

सही: गुनवोर हॉल्मस्ट्रँड

साक्षीदार:
१. उल्ला-ब्रिट क्रोनव्हाल, शेजारीण (कुत्रा बाहेर बांधला होता)
२. हमीद रेझाई, औषधविक्रेता, स्टेनरप (पेन परत केलं)

स्टेनरप, २१ ऑक्टोबर २०१९