मनगटाने पुसलेला गाल

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज अचानक तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, त्याला कारण काजू. मंडणगडच्या बाजूला बायकांच्या एका गटाचा काजूचा कारखाना आहे, त्याच्या पडवीत बसलेय. आत हाताने कटिंग चाललंय, बाहेर टरफलांचा तो करपट वास, आणि दुपार अशी सुस्तावलेली की मी पन्नाशी उलटलेली अर्थशास्त्राची प्राध्यापक आहे की दप्तर घेऊन शाळेतून थेट तुझ्याकडे आलेली पोर, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

तू कटिंगच्या टेबलाशी बसली आहेस. पायाने दांडा दाबतेस, बी फुटते, गर वेगळा होतो. बोटांना राख फासलीयस, तरी टरफलातल्या जळजळीत चिकाने ती काळीच. मी बिलगायला धावते आणि तू दोन्ही हात वर करतेस, पोलिसाने पकडल्यासारखे. "शिवू नको गो बाय, आंगावर उठल!" मग मनगटाच्या मागच्या बाजूने माझा गाल पुसतेस. बाकीच्या बाया हसतात. माझी वेणीसुद्धा शेजारची काकूच घालायची.

मग तुमच्या कारखान्यात आपोआप कापणारं मशीन आलं. कटिंगवरच्या निम्म्या बायांना घरी बसवलं, त्यात तू. ओटीवर बसून नुसती हातांकडे बघायचीस. "हातांना कामच नाय ऱ्हायलं गो," म्हणायचीस. माझं सगळं तिथून सुरू झालं. नवं यंत्र आलं की कुणाचं काम जातं, कुणाला नवं मिळतं, यातच उभा जन्म घातला. देशोदेशी जाऊन बोलले. लोक टाळ्या वाजवतात, चहाला उठतात, आणि मला दर वेळी वाटतं, ओटीवरची ती बाई अजून तिथेच बसलीय.

उद्या सकाळी या बायका तसलंच मशीन घ्यायचं की नाही ते ठरवणार आहेत. घेतलं तर कटिंगवर निम्म्याच उरतील. गटाची अध्यक्ष म्हणाली, "म्याडम, तुमी सांगाल तसं करू आमी." एवढं सोपं असतं तर! मी सांगणार आहे, आधी प्रत्येकीला दुसरं काम ठरवून द्या, सोलणं, भाजणं, विकणं, काही का असेना, आणि मगच मशीन आणा. पटेल की नाही, देव जाणे. पण मशीन नकोच, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

का, ते कुठल्याच शोधनिबंधात लिहिलं नाही. हा कागदही पर्समध्येच राहील, म्हणून तुला सांगते. काम गेल्यावर हळूहळू तुझ्या बोटांचा काळेपणा उतरला. एका सकाळी माझी वेणी तू घातलीस, मला वळवलंस आणि दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरलास. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. तू रडत होतीस. आणि मला, आई, फार आनंद झाला होता.