दोन्ही हात वर

प्रिय नोएमी,

तुला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच उरकते, कारण पुढे ती सुचायची नाही. तोरिनोच्या दमट हवेत ते कुरकुरणारच. (गाव सोडू नकोस म्हणून मी सांगितलं होतं. असो.) माझी प्रकृती उत्तम आहे. पायसुद्धा.

तुझा एलियो परीक्षेत नापास झाला हे त्याने तुला कळवलं असेल. कारण सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मंगळवारी त्याची पहाडी पलटण आमच्या समोरच्या सुळक्यावर चढत होती. सर्वांत पुढे दोर नेणारा आपला एलियो. शिखर गाठलं की तो पास. मीही टोपली घेऊन बकऱ्यांच्या वाटेने वर गेले, ब्लूबेरी वेचायला. (त्या अजून हिरव्या आहेत हे मला ठाऊक आहे.) बघते तर काय, बारा धटिंगण कड्याला लटकून गळा काढून गाताहेत! आपल्याला शाळेत गाणं शिकवणाऱ्या सिस्टर एउफ्राझियाने एकेकाचा कान पिळला असता. शिवाय त्यांच्या बुटांखालचे दगड गडगडत खाली. माझा संताप झाला आणि मी दोन्ही हात वर करून ओरडले. बस, एवढंच.

शिखर अगदी हाकेच्या अंतरावर होतं. पण एलियोने मला पाहिलं आणि सगळ्यांना मागे फिरवलं. तासाभरात बाराही जण दोर आणि स्ट्रेचर घेऊन माझ्यापुढे धापा टाकत उभे.

"मावशी, कुठे लागलं?"

"तुमचं गाणं कानाला लागलं!"

सगळे हसले. एलियो नाही. ओस्काला नावाचा त्यांचा कॅप्टन (तोच तो, माझ्या वर्गात चौथीत सातच्या पाढ्याला अडायचा) म्हणाला, "बाई, दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी, एक वर, एक खाली म्हणजे नको. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"चला, एवढं तरी डोक्यात राहिलं तुझ्या!" म्हटलं मी, पण मान वर होईना. स्ट्रेचर मी साफ नाकारलं. एलियोचं मन मोडू नये म्हणून तेवढी त्याच्या पाठीवर बसून खाली आले. कॅप्टनने वहीत लिहिलं, 'विनाकारण माघार'. बुधवारी ढग उतरले, पलटण परत गेली. तेव्हापासून मी पाव आणायलाही बाहेर पडलेली नाही.

तुझी ताई,
एर्सिलिया

ता. क. रागावले की मी बोट उगारते, हात वर करत नाही. लहानपणापासून ते बोट तू बघते आहेस. बकऱ्यांच्या त्या वाटेवरच्या एका कपारीत माझे पाय लटपटू लागले, पुढचं पाऊल उचलेना. पाऊण तास खडकाला चिकटून उभी होते. खाली येताना माझी थरथर एलियोच्या पाठीला कळली असणार. तरी कॅप्टनपुढे तो चकार शब्द बोलला नाही.

आणखी एक. सोबत कॅप्टनच्या नावाचं पाकीट आहे. मदत खरोखर हवी होती आणि माघार योग्य होती, असं त्यात सहीनिशी लिहिलं आहे. तिकडूनच पोस्टात टाक; इथली पोस्टमास्तरीण पाकिटं उजेडात धरून बघते. आजच टाक. उद्यापर्यंत माझं मन बदलेल.

आणि तुझ्या त्या चालायच्या काठ्या, ज्यांना मी ईस्टरला हसले होते, त्या पाठवून दे. एक नको. दोन्ही.