दोघांची लुंगी

३ रजब
पोचलो एकदाचा. नदीच्या मुखावर सुलतानाचा किल्ला, आत आम्ही चाळीस भाडोत्री बुगिस लढवय्ये आणि आमचा सरदार दाएंग मल्लावा. घरी, वाजो मुलखात राहिलो असतो तर जन्मभर मासे वाळवत बसलो असतो. लढाई कुणाशी, असं विचारलं तर सरदार हसून म्हणाला, ते सुलतानालाही उद्याच कळेल. स्वयंपाकीण तुंगके आजीनं भाजलेला मासा पोटभर वाढला. माझी लुंगी वाटेत समुद्रात वाहून गेली होती. निजायच्या फळीखालच्या पेटीत लाल चौकड्यांची एक रेशमी सापडली, तीच न विचारता चढवली. कमरेशी रफू आहे, पण दिसते झोकात.

५ रजब
लुंगी पाहून आजीच्या हातातला डाव गळून पडला. आमच्यात भांडण मिटेना की दोघे एकाच गोल शिवलेल्या लुंगीत उभे राहतात, हातात कट्यारी घेऊन. एकानंच जिवंत बाहेर यायचं. माझा मामा असाच गेला. आजीनं सांगितलं, ह्या लुंगीत सरदारानं आमच्याच टोळीतल्या ला सुन्रा नावाच्या गड्याला मारलं होतं. मेलेल्याला त्याच लुंगीत पुरायची रीत. पण सरदाराला रेशमाचा मोह सुटेना. सुन्राला चटईत गुंडाळून पुरलं आणि लुंगी पेटीत गेली. आजी म्हणाली, काढून टाक. मी म्हटलं, मेलेल्यांना भ्यायलो तर हा धंदा कसा चालायचा?

७ रजब
पहाटे शत्रूच्या लाकडी कोटावर धाड घातली. एकाचा गळा चिरला, दुसऱ्याचा हात खांद्यापासून तोडला. मजा आली, खोटं कशाला बोलू? तिसरा माझ्यासमोर आतडी धरून कोसळला. माझी कट्यार तेव्हा म्यानात होती. तेव्हापासून लुंगी कमरेला आवळते आहे. पाठीला कुणाची तरी ओली छाती लागते.

८ रजब, सकाळ
लुंगी निघत नाही. आजीनं सुरी लावली — रेशमातून रक्त आलं. माझंच. ती म्हणते, सुन्राला सरदार हवाय, तू त्याच्यासमोर जाऊ नकोस. मला भीती वाटते. दुपारच्या होडीनं पळतो.

८ रजब, दुपार
धक्क्यावरच पकडलं. सरदार सगळ्यांदेखत म्हणाला, "भेकडा, माझी लुंगी नेसून पळतोस?" ह्या शब्दावर आमच्यातला कुणी पाठ फिरवत नाही. मी कट्यार उपसली. लुंगी आपोआप सैल झाली. तो हसत आत शिरला —

सरदार मेला. अंगावर एकवीस घाव. मी एकच घातला होता. सगळे पळाले.

लुंगी पुन्हा आवळली आहे. एकानंच बाहेर यायचं, आणि आत अजून आम्ही दोघे —

कट्यार मी फेकून दिली होती. मग पोटाला हे टोक कुणाचं लाग—