मामांच्या खणातली बाटली

४ ऑगस्ट
पर्यावरणशास्त्र! औषधनिर्माण शिकायला आले आणि गळ्यात हे पडलं. सर म्हणाले, "घरोघरची मुदत संपलेली औषधं गोळा करा. लोक ती कुठे टाकतात ते विचारा." वर्गात खसखस पिकली. शेजारची मैत्रीण म्हणे, "मागच्या वर्षीच्यांचा प्रकल्प उतरवू. कोण वाचतंय!" मला नाही जमत असलं. शिवाय सरांचं एक वाक्य डोक्यात बसलंय — मोरीत ओतलेलं औषध शेवटी नदीतल्या माशांच्या पोटात जातं.

९ ऑगस्ट
आईच्या कपाटापासून सुरुवात. अबब! खोकल्याची औषधं, डोळ्यांचे थेंब, मी पाचवीत असतानाचं मलम. "राहू दे गं, लागतं कधी" — आईचं पालुपद. मी ऐकते कुठली! शिक्षणाचा रुबाब दाखवायची संधी पहिल्यांदाच मिळाली.

१० ऑगस्ट
मामांकडे गेले. पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसले होते.
"आली आमची डॉक्टरीण!"
"डॉक्टर नाही मामा, फार्मासिस्ट."
"तेच ते. दोघंही कडूच देता."
टेबलाच्या खणात स्क्रू, स्प्रिंगा आणि त्यातच एक छोटी तपकिरी बाटली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. मुदत जूनमध्येच संपलेली!
"असू दे गं ती. हाताशी असली की बरं वाटतं."
मग मी व्याख्यानच झोडलं — जुन्या गोळीचा जोर जातो, तिच्या भरवशावर राहू नये, वगैरे. सगळं बरोबर होतं. "उद्या नवी आणून देते," मी म्हणाले आणि बाटली पिशवीत टाकली.
"मुदत माझीही संपलीय. मलाही ने पिशवीत."
मामी आतून ओरडली, "काहीतरी अभद्र बोलू नका!" आम्ही दोघं हसत सुटलो.

१४ ऑगस्ट
दिवसभर तक्ते आणि आलेख. मामांची बाटली राहिलीच. उद्या नक्की.

१९ ऑगस्ट
वर्गात सर्वांत जास्त गुण! सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिने खरं काम केलंय." मैत्रिणीने नाक मुरडलं. मुरडू दे!

२० ऑगस्ट
मामा दवाखान्यात.

२१ ऑगस्ट
काल दुपारी कळ आली. मामी मागे कपडे वाळत घालत होती. आत येऊन बघते तर मामा जमिनीवर, खण उपडा, खोलीभर स्क्रू. बाटली नाही हे त्यांना माहीत होतं. पण इतक्या वर्षांची सवय, हात तिकडेच गेला असणार.
आई विचारत होती, "खण कशाला उपसला त्यांनी?" मामी डॉक्टरांना शोधायला उठली. मीही तिच्यामागे गेले.
संध्याकाळी धावत जाऊन नवी बाटली आणली. मामांच्या घरी जाऊन खणात, जुनीच्याच जागी ठेवली. चोरासारखी. बैल गेला आणि झोपा केला!

२३ ऑगस्ट
मामा गेले.

२९ ऑगस्ट
पुस्तक उघडून बसले. जोर एकदम जात नाही, हळूहळू जातो. जूनपासून कितीसा गेला असता? डॉक्टर म्हणाले होते, झटकाच मोठा होता. म्हणजे गोळीने वाचलेच असते असं नाही. पण कळ आली तेव्हा हात खणात नुसताच फिरला नसता. नवी हातात दिल्याशिवाय जुनी उचलायची नाही — एवढी साधी गोष्ट सुचली नाही मला. आणि निघाले होते मासे वाचवायला! मामीला सांगायला हवं. फार भीती वाटते.

५ सप्टेंबर
मामीने बोलावलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेले. तोंड उघडण्याआधीच तिने हातात पिशवी दिली. मामांची उरलेली औषधं. "घेऊन जा, तुझ्या त्या कामाला होतील." सगळ्यांत वर माझी बाटली. सील तसंच.
"ही तूच ठेवलीस ना?"
मी मान डोलावली.
"रोज म्हणत होते मी, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा. ऐकतील तर शपथ! म्हणायचे, भाची आणणार आहे, आपण आणली तर तिला वाईट वाटेल."